केडगाव बायपास ते फ्लॉरेन्स

पुण्याहून शिर्डीला निघालेल्या गाड्या सुपे, कामरगाव, चास मागे टाकत केडगावला येतात आणि बहुतेक शहरात न शिरता बायपासला वळतात. नेप्ती, निंबळक, विळद करत मनमाड रस्ता धरायचा, राहुरी ओलांडायची, की शिर्डी जवळ आली. ज्यांना शनिशिंगणापूरही करायचं असतं ते घोडेगावची वाट धरतात. यांपैकी कुणाला विचारलं, 'नगरमध्ये काय पाहिलंत?' तर उलट प्रश्न येतो, 'नगरमध्ये पाहण्यासारखं काय आहे?'

आम्हा केडगावकरांना याचा राग येत नाही, कारण बाहेर पडलो की आम्हीही तेच करतो. मुलाला चांगली नोकरी लागली, निवृत्तीचे पैसे हातात आले, कांद्याला लागोपाठ दोन वर्षं भाव मिळाला, की घरात युरोपचा विषय निघतो. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, युंगफ्राउ, पिसा, रोम, व्हेनिस. दहा-पंधरा दिवसांत सात-आठ देश होतात. बॅगेतून चिवडा जातो, मोबाइलमधून फोटो येतात. शेजारी विचारतात तेव्हा आयफेल टॉवरबद्दल जे सांगितलं जातं, ते पुष्कळदा न जाताही सांगता आलं असतं.

यावर हल्ली उलटा सल्ला मिळतो: गर्दीची ठिकाणं टाळा, कुणालाच माहीत नसलेली शोधा. हा सल्ला अर्धाच खरा आहे. नामांकित ठिकाण केवळ नाव ऐकून पाहायला गेलं तरी फारसं बिघडत नाही. इतक्या लोकांनी पाहिलेल्या गोष्टीत काहीतरी असतंच. आडवाटेचं ठिकाण मात्र स्वतःचं काही कारण असल्याशिवाय निवडू नये. ते कारण सापडलं की प्रसिद्ध आणि अनवट यांचं प्रमाण जमवणं सोपं जातं.

नगरच्या खिशात काय आहे

मलिक अहमदनं १४९० मध्ये बहमनी सत्तेतून बाहेर पडून निजामशाही उभी केली आणि पुढे सीनेच्या काठी राजधानी वसवली. त्या राजधानीच्या खुणा आजही गावभर आहेत. १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग हा तळ्याच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी महाल. पाथर्डी रस्त्याला डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते, तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर. हा मुर्तजा निजामशहाचा वजीर १५८९ मध्ये वारला. १५९५-९६ मध्ये मुघलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीचं नाव लोकांनी त्याच्या कबरीला देऊन टाकलं. जिन्यानं वर चढून कमानीत उभं राहिलं की वारा अंगावर येतो आणि खाली अख्खं नगर पसरलेलं दिसतं.

किल्ल्याचा इतिहास शाळेच्या पुस्तकात असतो. 'छोडो भारत'च्या वेळी, ऑगस्ट १९४२ पासून, काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य इथंच स्थानबद्ध होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये इथं लिहिलं आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रंही इथंच लिहिली. फेब्रुवारी १९९४ मध्ये उघडलेलं लष्कराचं रणगाडा संग्रहालयही नगरचंच. तिथल्या उघड्या पटांगणात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चिलखती गाडीपासून पॅटन रणगाड्यापर्यंत सगळं रांगेनं उभं आहे.

विजापूरला जाणारा प्रत्येक मराठी पर्यटक 'मुलुख मैदान' तोफेशेजारी फोटो काढतो. ती तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली. परांड्याच्या किल्ल्यावरून ती पुढे विजापूरला पोहोचली. तोफ बघायला तीनशे किलोमीटर जाणारे आपण, ती जिथं ओतली त्या गावाला वळसा घालून जातो.

आता याच्या उलट बाजूला पाहा. केडगावच्या जवळच, दौंड रस्त्यावर, अरणगावला मेहेराबाद आहे. १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळणाऱ्या मेहेरबाबांची समाधी तिथं आहे. ते १९६९ मध्ये ३१ जानेवारीला गेले, म्हणून दर वर्षी त्या दिवशी अमरतिथीला अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इराणपासून माणसं अरणगावला येतात. भारताच्या कुठल्याही पर्यटन पुस्तिकेच्या पहिल्या पानावर अरणगाव नसतं. या लोकांच्या मनातल्या यादीत मात्र ते सर्वांत वर असतं, ताजमहाल जमला तर नंतर. त्यांना कुणी 'अज्ञात ठिकाणं' शोधायला सांगितलेलं नसतं. त्यांच्याकडे यायला कारण असतं, इतकंच.

नाव होतं कसं

पर्यटनाची यादी ही काही आजची गोष्ट नाही. अष्टविनायक, बारा ज्योतिर्लिंगं, साडेतीन शक्तिपीठं या आपल्या याद्या शेकडो वर्षं चालत आल्या आहेत. युरोपात १८४१ मध्ये थॉमस कुकनं लेस्टरहून लफबरोपर्यंत एक शिलिंगात रेल्वेनं लोक नेले आणि सामूहिक सहलीचा धंदा जन्माला आला. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल बेडेकरच्या मार्गदर्शक पुस्तकांनी पाहायलाच हव्यात अशा जागांपुढे चांदणी छापायला सुरुवात केली. आज मोबाइलवर दिसणारे तारे त्या चांदणीचेच वंशज. यादीत वाईट काही नाही. आपल्या आधी गेलेल्यांनी आपला वाचवलेला वेळ म्हणजे यादी.

घोळ होतो तो प्रसिद्धीला गुणवत्तेची मोजपट्टी समजल्यानं. मोनालिसाचंच बघा. चित्र थोर आहे यात शंका नाही. पण ते जगभर घरोघरी पोहोचलं त्यात चोरीचा वाटा मोठा होता. २१ ऑगस्ट १९११ ला व्हिन्चेन्झो पेरुजा या इटालियन कामगारानं ते लुव्रमधून पळवलं. पुढची दोन वर्षं ते सापडत नव्हतं, वर्तमानपत्रं रकानेच्या रकाने भरत होती आणि लोक रिकामी भिंत पाहायला रांग लावत होते. शेवटी १९१३ मध्ये चित्र फ्लॉरेन्सला सापडलं.

आज त्या दालनात गेलं की काय दिसतं? ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद असं ते चित्र, त्याच्यासमोर काच, कठडा आणि मोबाइल उंचावलेले हात. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेजेचं 'काना इथलं लग्न' आहे. उंची पावणेसात मीटरच्या वर, रुंदी जवळजवळ दहा मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन खोल्यांची भिंत व्यापेल एवढं. मोठी पंगत बसली आहे, वाढपी धावताहेत, वादक वाजवताहेत, कुत्री बसली आहेत. लुव्रमधलं हे सर्वांत मोठं चित्र. त्याच्याकडे पाठ करून शेकडो माणसं उभी असतात. २०२४ मध्ये लुव्रला सुमारे ८७ लाख लोक आले, आणि बहुतेकांना मोनालिसाच बघायची होती.

यातून एक साधी युक्ती निघते. अनवट गोष्टीसाठी दर वेळी दुसऱ्या गावाला जावं लागत नाही. मोनालिसा पाहून झाली की जागच्या जागी मागे वळायचं. प्रसिद्ध जागेच्या शंभर पावलांच्या आतच न पाहिलेलं पुष्कळ काही असतं, आणि त्यासाठी तिकीटही वेगळं लागत नाही.

'कुणालाच माहीत नाही' याचा सापळा

रील आणि याद्यांमधून येणारी 'छुपी रत्नं' फार दिवस छुपी राहत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झ सरोवराकाठी इझेल्टवाल्ड नावाचं चारेकशे वस्तीचं खेडं आहे. एका कोरियन मालिकेत तिथला लाकडी धक्का दिसला आणि त्यावर उभं राहून फोटो काढायला बसच्या बस येऊ लागल्या. ग्रामपंचायतीला धक्क्याच्या तोंडाशी फिरतं दार बसवून पाच फ्रँक घ्यावे लागले. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याच्या फुजिकावागुचिको गावात एका दुकानाच्या छपरावर पर्वत बसल्यासारखा फोटो निघतो. त्यासाठी इतके लोक रस्ता अडवू लागले की मे २०२४ मध्ये गावानं तिथं उंच काळा पडदाच लावला. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटची वस्ती आठशेच्या आत, आणि हंगामात दिवसाला दहा हजारांपर्यंत पाहुणे.

लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात भंडारदरा आहे. मे संपता संपता कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर काजवे लुकलुकायला लागतात. नर काजवा चमकतो तो मादीला खूण करण्यासाठी. काजवा महोत्सवाचं नाव झालं तशा शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागल्या. हेडलाइट आणि मोबाइलच्या उजेडात ती खूण मादीला दिसणार कशी? वन विभागाला वेळेवर आणि गाड्यांवर बंधनं घालावी लागली.

तेव्हा 'गर्दी नाही' हे एखाद्या जागी जाण्याचं कारण होऊ शकत नाही. आपण गेलो, फोटो टाकला, की गर्दीची सुरुवात आपल्यापासूनच झालेली असते.

नेप्तीचा धागा

मग कारण शोधायचं कुठं? आपल्या धंद्यात, आपल्या गावाच्या इतिहासात, घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत.

केडगावच्या बाजूलाच नेप्तीचा कांदा बाजार आहे. आमच्याकडची निम्मी घरं या ना त्या नात्यानं कांद्याशी जोडलेली. कुणी शेतकरी, कुणी आडतदार, कुणी हमाल, कुणी मापारी. सकाळी गोण्यांच्या थप्प्या लागतात, वक्कल फोडलं जातं, व्यापारी कांदा हातात घेऊन दाबून पाहतात आणि बोली सुरू होते. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी अशा प्रतीप्रमाणे बोली चढत जाते. 'एखाद-दुसऱ्या वक्कलाला' मिळालेला चढा भाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि त्यावर संध्याकाळपर्यंत चर्चा चालते.

अशा घरातला माणूस हॉलंडला जातो तेव्हा टूरमध्ये ॲमस्टरडॅमच्या कालव्यातली बोटफेरी असते, आणि मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत गेलात तर कोकेनहोफची ट्युलिपची बाग असते. दोन्ही जरूर पाहावीत. पण ॲमस्टरडॅमहून रेल्वेनं अल्कमारला आणि तिथून जवळच ब्रूक ऑप लांगेडाइक नावाच्या गावी गेलं तर भाजीपाल्याचा एक जुना लिलावबाजार आता संग्रहालय म्हणून जपलेला दिसतो. त्याची सुरुवात १८८७ ची. या भागात रस्त्यांपेक्षा पाण्याचे चर जास्त होते. शेतं म्हणजे छोटी छोटी बेटं. शेतकरी कोबी, बटाटा, कांदा नावेत भरायचा आणि नाव थेट लिलावाच्या सभागृहात घालायचा. समोर पायऱ्यांवर व्यापारी बसलेले, मधून पाण्यातून माल सरकत जातोय. माल उतरवायचा नाही, थप्पी लावायची नाही. नाव एका दारातून आत आली, भाव झाला, दुसऱ्या दारातून बाहेर.

आणि भाव कसा व्हायचा? भिंतीवर घड्याळासारखी मोठी तबकडी. काटा वरच्या किमतीवरून सुरू होऊन खाली खाली येतो. ज्याला परवडेल त्यानं बटण दाबायचं. पहिला जो दाबेल त्याचा माल. नेप्तीत बोली चढते, इथं उतरते. चढत्या बोलीत व्यापारी शेजाऱ्याचं तोंड बघून एकेक रुपया वाढवतो. उतरत्या घड्याळात शेजारी काय करणार हे कळेपर्यंत माल गेलेला असतो, म्हणून घाबरणारा आधी दाबतो. नाशवंत माल झटपट विकण्यासाठी ही पद्धत डच बाजारांत रुजली. आज आल्समेरचा प्रचंड फुलबाजार त्याच तत्त्वावर चालतो, तोही पहाटे जाऊन वरच्या सज्जातून बघता येतो. ब्रूकच्या संग्रहालयात पर्यटकालाही बटण दाबून बोली लावता येते.

हे ठिकाण 'छुपं रत्न' म्हणून कुणी सुचवलं तर पुण्याच्या संगणक अभियंत्याला ते कंटाळवाणं वाटू शकेल. नेप्तीच्या आडतदाराचा मात्र तिथून पाय निघणार नाही. तो गाइडलाच चार प्रश्न विचारेल: आडत किती टक्के? हमाली कुणी द्यायची? भाव पडला तर माल परत नेता यायचा का? त्याच्यासाठी कोकेनहोफ आणि ब्रूक मिळून हॉलंड पुरा होतो.

आर्नोच्या काठी कोल्हापूर

इटलीत फ्लॉरेन्सला बहुतेक ग्रुपना चार-पाच तास मिळतात. ब्रुनेलेस्कीनं १४३६ मध्ये पुरा केलेला कॅथेड्रलचा घुमट, जुना पूल, उंचावरच्या चौकातून शहराचा देखावा आणि परत बस. याच शहराच्या पश्चिम टोकाला, कॅशिने नावाच्या लांबलचक बागेच्या शेवटी, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर एक छत्री आहे. चार खांब, वर घुमट, आत फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हा तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

१८७० मध्ये, विशीत असताना, ते इंग्लंड पाहायला गेले. व्हिक्टोरिया राणीला भेटले, कारखाने, शाळा, नाटकं पाहिली आणि रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच वारले. बरोबरच्या लोकांनी हिंदू पद्धतीनं दहन करण्याचा आग्रह धरला. ख्रिस्ती युरोपात ही गोष्ट तेव्हा अगदी दुर्मीळ होती. फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, आणि नदीच्या संगमावर, रात्री, चिता पेटली. १८७४ मध्ये तिथं स्मारक उभं राहिलं. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यानंच केला. फ्लॉरेन्सचे लोक त्या टोकाला 'इंडियानो' म्हणतात आणि १९७० च्या दशकात शेजारी झालेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव मिळालं.

शहराच्या मध्यभागातून कॅशिनेपर्यंत ट्रामनं जायचं आणि नदीकाठानं चालत टोक गाठायचं. पर्यटक कुणी नसतो. सायकली, धावायला आलेली माणसं, कुत्री. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, कुठल्याही मराठी माणसाला ही संध्याकाळ घुमटाइतकीच लक्षात राहील. मात्र घुमटही पाहिलेला हवा. मृत्यूनं गाठण्याआधी या तरुण राजाला हेच शहर दिसलं होतं.

असे धागे किती तरी आहेत. अमेरिकेत मुलाकडे गेलेले आईवडील नायगारा आणि स्वातंत्र्यदेवता बघून येतात, आणि उरलेले महिने खिडकीतून बर्फ बघत काढतात. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून हडसन नदीच्या काठाकाठानं सुमारे दोन तास गेलं की पोकिप्सी येतं. आनंदीबाई जोशींच्या अस्थी तिथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. अमेरिकेत ज्यांनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्या थिओडोशिया कार्पेंटरकडे नंतर अस्थी पाठवल्या गेल्या. डाव्या हाताची खिडकी धरली तर जाताना बहुतेक वेळ नदी दिसते.

ऑक्सफर्डपासून जवळच वाँटेज गाव आहे. आमच्या केडगावशी ज्याची कायम गल्लत होते त्या दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३ मध्ये या वाँटेजच्या मठात राहिल्या होत्या. लंडनला प्रिमरोज हिलजवळ १० किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये घेतलं आणि आता ते स्मारक म्हणून पाहता येतं. मॉरिशसला समुद्रकिनारे सोडून पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर गेलं तर सोळा दगडी पायऱ्या दिसतात. १८३४ पासून मॉरिशसला आलेल्या गिरमिटिया मजुरांपैकी कितीतरी जण त्या चढून वर आले, आणि त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती.

आणि खास नगरकरांसाठी: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मलिक अंबरचं हाशिम या मुघल चित्रकारानं काढलेलं चित्र आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस पडत्या निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातोडीला तलावाचं पाणी सोडून मुघल आणि आदिलशाही फौजांना त्यानं चिखलात अडकवलं. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते. ज्या शत्रूला हरवता आलं नाही त्याचं चित्र मुघलांच्या चित्रकारानं इतक्या बारकाईनं काढलं, ही बघण्यासारखीच गोष्ट. कागदावरची जुनी चित्रं कायम मांडलेली नसतात, तेव्हा निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर खात्री करावी. प्रवेश फुकट आहे, मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयाला मात्र बऱ्यापैकी पौंड मोजावे लागतात.

जमवायचं कसं

पहिली गोष्ट वेळेची. नामांकित ठिकाण उघडताना किंवा बंद होण्याआधी गाठावं आणि वेळ ठरलेलं तिकीट आधीच काढावं. मिलानचं 'अंतिम भोजन' हे चित्र पंधरा मिनिटांच्या पाळीनं मोजक्याच लोकांना दाखवतात. तिकीट आठवडेच्या आठवडे आधी घ्यावं लागतं, पण आत गेल्यावर शांतपणे बघता येतं. लुव्र मंगळवारी बंद असतं आणि आठवड्यातून काही संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं. अशी संध्याकाळ गाठली तर दुपार मोकळी मिळते. आडवाटेच्या जागांचं उलटं असतं: तिकिटाची अडचण नाही, पण हंगाम, सुट्टीचा वार आणि शेवटची बस बघावीच लागते. रविवारी युरोपातल्या खेड्यांत बस कमी असतात.

दुसरी गोष्ट मुक्कामाची. ग्रुप टूरनं जाणाऱ्यांनी कंपनीला 'डेव्हिएशन' मिळेल का ते आधी विचारावं, म्हणजे टूर संपल्यावर दोन-तीन दिवस स्वतःच्या खर्चानं मागे थांबून परतायचं. प्रसिद्ध ठिकाणं टूरच्या बसनं होतात, आपली दोन ठिकाणं त्या मागच्या दिवसांत. मधल्या मोकळ्या दुपारी खरेदीत न घालवता एखादं जवळचं ठिकाण बघता येतं. स्वतंत्र जाणाऱ्यांनी रोज हॉटेल बदलण्यापेक्षा एका गावात तीन-चार रात्री थांबून रेल्वेनं आजूबाजूला फिरावं. रोज बॅगा बांधण्या-सोडण्यात जातो तो वेळ आपल्या यादीतून जातो.

तिसरी गोष्ट, सगळं एकाच फेरीत उरकायचं दडपण. 'परत कुठं येणं होतंय' म्हणून आठ देश कोंबले जातात. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी शेंगेन व्हिसाचे नियम थोडे सैल झाले आहेत. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा रीतसर वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो. ज्यांना परवडतं त्यांनी दोन देशांची एक फेरी आणि दोन-तीन वर्षांनी दुसरी, असा विचार करायला हरकत नाही. व्हिसाच्या अर्जात मुक्कामाची गावं द्यावी लागतात आणि जिथं सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून आडवाटेचं गाव आयत्या वेळी घुसवण्यापेक्षा आधीच आराखड्यात बसवावं.

चौथी गोष्ट त्या गावाच्या बाजूची. व्हेनिसनं एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. जो तिथं रात्री मुक्काम करतो त्याला ते माफ आहे. यामागचा हिशेब केडगावकरांना वेगळा समजावायला नको. रस्त्यानं हजारो गाड्या जातात तेव्हा गावाच्या वाट्याला धूर येतो. माणूस रात्री थांबला, जेवला, सकाळी नाश्ता केला, तर गावाला काही मिळतं. आडवाटेच्या गावी गेलात तर तिथं जेवा, तिथल्या दुकानातून घ्या, जमलं तर राहा. शेत, अंगण, दफनभूमी अशा जागांचा नेमका पत्ता टाकून फोटो पसरवण्याची घाई करू नका.

आणि ज्यांना हे काहीच जमणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. गुडघे दुखतात, शाकाहारी जेवण मिळेल की नाही याची धास्ती असते, भाषा येत नाही, स्वच्छतागृहाची सोय बघावी लागते. नामांकित ठिकाणी या सोयी असतात आणि म्हणूनही माणसं तिथं जातात. सत्तरीत पहिल्यांदा विमानात बसलेल्या काकूंना फ्लॉरेन्सच्या नदीकाठी अर्धा तास चालवणं हा शहाणपणा नव्हे. त्यांच्यासाठी मोनालिसाकडून मागे वळून पंगतीचं चित्र बघणं, एवढं अनवट पुरे.

ज्यांना जमेल त्यांनी सराव घरापासून करावा. पुढच्या वेळी शिर्डीला जाणारा पुण्याचा पाहुणा नगरला दोन तास जास्त थांबला, सलाबतखानाची कबर किंवा रणगाडे बघून गेला, तरी त्याला नेमकं कशात रमतो ते कळेल: इमारतीत, यंत्रात, इतिहासात की माणसांत. तेवढं कळलं की परदेशातली निवड सोपी होते. टूर कंपनीची यादी असू द्यावी. त्याशेजारी घरच्यांनी बसून दोन-तीन नावांची आपली यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे 'इथं का जायचं' ते एका वाक्यात लिहावं. ज्याच्यापुढे वाक्य सुचत नाही ते नाव खोडावं, फोटोत कितीही सुंदर दिसत असलं तरी. हीच चाचणी आयफेल टॉवरलाही लावून बघावी. बहुतेक घरांत तो पास होतो, कारण 'आईला लहानपणापासून बघायचा होता' एवढं एक वाक्यही पुरतं.